चौथ्या सिलिंडरचा आकडा

मी गाड्यांच्या इंजिनातला दाब मोजणारा एक जुना गेज आहे. मित्रांनो, मी फार रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एक गोल तबकडी, एक काटा आणि हातभर रबरी नळी, एवढाच माझा संसार. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते. हा दाब कमी पडला, की गाडी धापा टाकते. प्लग काढून त्या भोकात माझी नळी बसवायची आणि इंजिन फिरवायचे, की माझा काटा दाब सांगतो. थोरल्या मिस्त्रींनी वीस वर्षे मला विचारल्याशिवाय एकही इंजिन उघडले नाही. काम झाले की ते मला पुसून मऊ फडक्यात गुंडाळत.

पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि गॅरेज धाकट्या भावाकडे गेले. त्याने मला गंजक्या बोल्टांच्या खणात टाकले. पाच वर्षे माझी कोणी विचारपूस केली नाही.

एके सकाळी, घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या सिस्टर आपली जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी आचके देत होती. धाकट्याने बॉनेटपाशी कान नेला आणि निकाल देऊन टाकला. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. गाडीत आता राम राहिला नाही, सिस्टर. भंगारात द्या."

सिस्टर म्हणाल्या, "अंथरुणाला खिळलेली सहा माणसं रोज माझी वाट बघतात. तिकडे बस जात नाही."

थोरल्यांची मुलगी तिथेच काम करते. तिने विचारले, "काका, गेज लावून बघितलात?"

"तीस वर्षं मी कानांनीच बघतोय."

तिने खण उपसून मला बाहेर काढले. इंजिन गरम केले, चारही प्लग काढले आणि सिस्टरना ॲक्सिलरेटर दाबून स्टार्टर मारायला सांगितले. पहिले सिलिंडर दीडशे. दुसरे दीडशे. तिसरे पाचाने कमी. चौथ्यात मात्र माझा काटा साठावरच अडला.

"म्हातारा झालाय गेज, काहीतरीच दाखवतोय," असे म्हणत धाकट्याने मला टेबलावर आपटले. माझी काच तडकली. काचेचे मला एवढे वाटले नाही. पण ज्याने पाच वर्षांत मला एकदाही विचारले नाही, त्याने मला खोटा ठरवावे? माझा काटा संतापाने थरथरत होता.

"मग बाकीचे तीन आकडे बरे कसे आले?" मुलगी म्हणाली. तिने चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले. रिंगा झिजल्या असत्या, तर तेलाने फटी बुजून आकडा चढला असता. मी पुन्हा साठच दाखवले.

"रिंगा ठणठणीत आहेत. व्हॉल्व्ह मिटत नाहीये."

इंजिन निवल्यावर तिने वरचे झाकण काढले. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसाएवढी फट असावी लागते. तिथे पातळ पट्टीसुद्धा शिरेना. फटच नसल्यामुळे व्हॉल्व्हची झडप कायम अर्धवट उघडी राहत होती आणि दाब तिथून निसटत होता.

"काका, ही फट शेवटची कुणी जुळवली?"

उत्तर सिस्टरनी दिले. "यांनीच. दोन महिन्यांपूर्वी, घाईघाईत. तेव्हापासूनच गाडी आचके देतेय." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "ताप मोजल्याशिवाय मी कुणाला सुई टोचत नाही. तुम्ही तर माझी गाडी मारायलाच निघाला होतात."

मुलीने फट नीट जुळवली. चौथ्या सिलिंडरमध्ये मी एकशे चाळीस दाखवले. धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं." ते तो सिस्टरना म्हणाला. मला कोणी काही म्हणाले नाही.

मित्रांनो, हत्यार जुने झाले म्हणून त्याला अडगळीत टाकू नका. ते पुसा, जपा, वापरा. आणि गाडी असो वा माणूस, कोणालाही निकामी ठरवण्याआधी नीट मोजून बघा. मोजायचा कंटाळा असेल, तर निदान तोंड बंद ठेवा.