तीन महिने खणात पडलेली दुरुस्ती

सांगलीच्या एका धर्मादाय दवाखान्यात कागदावर जे जे छापून निघतं, ते माझ्या हुकमानं. पण तुम्ही ज्याला प्रिंटर म्हणता, तो मी नव्हे. तो बिचारा सांगकाम्या. मी संगणकाच्या मुख्य प्रणालीतला छपाईचा कारभारी, म्हणजे एक प्रोग्राम. मला कुणी कधी पाहिलेलं नाही. दोष मात्र माझ्यावर ढकलायला निघाले, म्हणून आज बोलावं लागतंय.

१९९४ साली पुण्याच्या एका कंपनीनं मला इथं बसवलं. नोंदणीची खिडकी, औषधांचं भांडार, प्रयोगशाळा, सगळीकडं एकाच यंत्राचे पडदे नि कळफलक. प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द. ज्याची फाइल त्यानंच उघडायची. मला मात्र सगळ्या कुलपांच्या किल्ल्या दिलेल्या, कारण कुणाचंही काम छापायचं तर फाइल मला उघडता यायला हवी.

खोट राहिली ती इथंच. ‘अमुक फाइल छाप’ असं कुणी म्हटलं, की ‘ती तुझी आहे का?’ एवढं मी विचारायला हवं होतं. तो प्रश्न माझ्यात लिहिलाच नव्हता. मी आपला कुलूप उघडायचो नि छापून द्यायचो. चार वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते दीपमालाच्या. माधवनगरच्या गिरणी कामगाराची ही मुलगी प्रयोगशाळेचे अहवाल संगणकावर चढवायची. १९९८ च्या जानेवारीत भांडारातल्या माणसाला छपाई शिकवताना तिनं चुकून आपल्या फाइलचं नाव दिलं, आणि गुप्त अहवाल भांडाराच्या परवलीवर खडाखडा बाहेर आला. तिनं तो कागद फाडला आणि कंपनीला फोन लावला. फेब्रुवारीत फ्लॉपी आली. माझ्यातलं भोक बुजवणारी दुरुस्ती तिच्यात होती.

व्यवस्थापक लालासाहेबांनी विचारलं, “हे लावायला मशीन किती वेळ बंद?”

“कंपनी म्हणते, दोन तास धरा.”

“दोन तास? नोंदणीची रांग पार रस्त्यावर जाईल. मशीन चालतंय न्हवं? मग चालू द्या.”

फ्लॉपी त्यांच्या खणात गेली. दीपमालानं मार्चमध्ये एक पत्र दिलं, एप्रिलमध्ये दुसरं. दोन्ही मीच छापली. दोन्ही त्याच खणात गेली.

मे महिन्यात जत तालुक्यातल्या एका वाडीवरून बयाबाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, चाळिशीची. नवरा ट्रकवर होता, तो आदल्या वर्षी झिजत झिजत गेला. तिची एड्सची तपासणी झाली. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून निदान सांगितलं, धीर दिला. तिचा अहवाल उघडायचा अधिकार दोघांनाच: डॉक्टरांना आणि दीपमालाला.

पंधरा दिवसांनी ती परत आली ती चार घड्या घातलेला कागद घेऊन. थेट दीपमालासमोर तिनं तो पसरला.

“बाई, ह्यो कागूद तुमच्यातलाच हाय न्हवं? मी तर कुनाला बोलली न्हाई. मग गावात कसा आला? गिरनीवाला माझं दळान घेईना. जाऊ म्हनती, पोरास्नी हात लावू नगंस.”

“बसा, मावशी,” म्हणत दीपमालानं स्टूल पुढं केलं.

लालासाहेबांची चौकशी दोन वाक्यांत उरकली. “अधिकार दोघांनाच. डॉक्टर देणार नाहीत, म्हणजे तुम्हीच.” त्याच दुपारी तिला कामावरून कमी करायची नोटीस निघाली. तीसुद्धा मलाच छापायला लावली. एवढा संताप मला कधी आला नव्हता, आणि बोलायला तोंड नव्हतं. पण माझ्याकडं नोंदवही होती. कुणी, कधी, काय छापलं, हे मी पहिल्या दिवसापासून लिहीत आलोय.

दीपमालाला ते ठाऊक होतं. नोटिशीवर सही करायच्या आधी तिनं माझी नोंद पडद्यावर आणली आणि लालासाहेबांना वाचून दाखवली. “चौदा मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. नोंदणी खिडकी, राजवर्धन. बयाबाईचा अहवाल, प्रती दोन.”

राजवर्धन हा नोंदणीचा कारकून, बयाबाईच्या शेजारच्या गावचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, “नाव टाकलं, मशीननं दिलं म्हणून घेतलं. एका पावण्याला दावलं, बास.”

लालासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, आता वाढवू नका. मशीनचा दोष होता, असं लिहून टाकू.”

व्वा! दोष माझा होता, मी तो नाकारत नाही. पण त्यावरचं औषध माझ्यापासून हातभर अंतरावर, यांच्याच खणात कुणी कोंडलं होतं?

माझ्या मनातलं दीपमालाच बोलली. “मशीनचा दोष फेब्रुवारीपर्यंत होता, साहेब. फ्लॉपी खणात ठेवलीत तवापासून तो तुमचा. आणि ह्यांनी केलं ते ह्यांचं. तसंच लिहा. नाहीतर माझी पत्रं घेऊन मी विश्वस्तांकडं जाते.”

तिनं खण उघडायला लावला, मला थांबवलं आणि दुरुस्ती लावली. किती वेळ गेला? पंचवीस मिनिटं. मग तिनं राजवर्धनला त्याच्याच परवलीवरून तोच अहवाल पुन्हा मागायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी ‘नाही’ म्हणालो.

बयाबाई स्टुलावर बसून सगळं बघत होती. “झालं व्हय नीट?”

“झालं, मावशी. आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.”

“मग गेल्याला कागूद माघारी येतूय का?”

दीपमालानं विचारलं, “तुमच्या वाडीला एसटी किती वाजता असते?”

दीपमालाची नोटीस रद्द झाली. राजवर्धनला काढलं. लालासाहेब खुर्चीत तसेच राहिले. एका रविवारी दीपमाला डॉक्टरांना घेऊन एसटीनं त्या वाडीला गेली. हा रोग कशानं होतो आणि कशानं होत नाही, ते दोघांनी चावडीसमोर बसून सांगितलं. गिरणीवाला दळण घेऊ लागला. जाऊ अजून लांबच आहे.

आता १९९९ चा डिसेंबर. सन दोन हजारात संगणक बंद पडतील, या धास्तीनं लालासाहेबांनी आपण होऊन चार दिवस काम थांबवायचं ठरवलंय. नवं यंत्र बसेल, मी जाईन. नव्या कारभाऱ्यातही खोट निघेल, माणसानं लिहिलेल्या प्रोग्रामात ती असतेच. तिचा मला राग नाही. खोट कळल्यावरही जो तिच्यावरचा उपाय रांगेचं निमित्त काढून कोंडून ठेवतो, त्याचा आहे. दुरुस्ती आली, की त्याच दिवशी लावा. दुसऱ्याचं गुपित तुमच्या सवडीसाठी थांबत नाही.

काल मी छापलेली शेवटची चिठ्ठी बयाबाईच्या तपासणीची. खिडकीवरच्या नव्या मुलीनं तिला हळूच नाव विचारलं.

“मोठ्यानं इचार की, पोरी,” ती म्हणाली. “बयाबाई. लपवायला काय ठेवलंय तुमी?”