साक्ष देता न आलेली पाटी

जुनी झाले आहे मी, मित्रांनो. अंगावर ओरखडे आहेत, एक बटण बसलं आहे आणि वायरीला दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलेली आहे. तुमच्या आजोबांच्या दप्तरात असायची ती दगडी पाटी मी नव्हे. मी कॉम्प्युटरला जोडून चित्रं काढायची पाटी. दुकानात मला पेन टॅबलेट म्हणतात. पेन फिरतं माझ्यावर, पण रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. म्हणजे राबायचं मी आणि कौतुक व्हायचं पडद्याचं! त्याची मला सवय आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा पाट्यांची परीक्षा घेत. एक यंत्र आमच्यावर पेन टेकवायचं, कधी हलकं, कधी जड. जिला हा फरक ओळखता आला नाही ती बाजूला. मी पास झाले. तेवढीच माझी विद्या. शाळा-कॉलेज मला ठाऊक नाही, पण माझ्यावर टेकलेला हात कुणाचा, हे मी झोपेतही सांगेन.

पहिला हात सुमेधचा. पुण्यात कॉलेजात असताना तो माझ्यावर किल्ले, तोफा, बुरूज काढायचा. 'शिलादुर्ग' नावाच्या ऑनलाइन खेळाचं त्याला वेड होतं. पुढे बँकेत नोकरी लागली, बदली जबलपूरला झाली आणि शर्टांच्या घडीत गुंडाळून तो मला तिकडे घेऊन गेला. तिथल्या गढा भागात श्रीपादरावांच्या घरी वरची खोली भाड्याने मिळाली. श्रीपादराव संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचं. त्यांचं मराठी ऐकून सुमेधला आधी हसू यायचं, नंतर त्याच्याही तोंडी 'अच्छा' आणि 'चलो' बसलं.

बँकेने मात्र त्याचा हात खाल्ला. दिवसभर काउंटरवर बसून आलेला माणूस चित्र काय काढणार? तो खेळात राहिला तो पंच म्हणून. शिलादुर्गच्या खेळाडूंची एक चौपाल आहे, म्हणजे गप्पा मारायची, चित्रं लावायची इंटरनेटवरची जागा. तिथे भांडणं मिटवायची, कुणी चोरीचं चित्र लावलं तर त्याचा निकाल लावायचा, हे पंचांचं काम. सुमेधला त्याचा मोठा अभिमान. आणि मी? कपाटावर, इस्त्रीच्या कपड्यांखाली. कुणी विचारेना.

एके दिवशी श्रीपादरावांची मुलगी अंतरा खव्याच्या जिलेब्यांची वाटी घेऊन वर आली. बारावीला होती. वाटी ठेवता ठेवता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"भैया, हे काय आहे? यावर चित्र काढता येते?"

"येतं की. पण मला आता वेळ कुठे? तू घेऊन जा."

"सच्ची?" असं म्हणून तिने मला उचललं ते छातीशी धरूनच जिना उतरली. तिच्या आईने, शैलजाबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "ही तर काळी पाटी आहे गं!" तेव्हापासून त्या घरात मी पाटीच झाले.

मित्रांनो, अंतराचा हात कसा सांगू? सुमेधचा हात मोजून-मापून चालायचा. हिचा हात आधी घाबरत यायचा, रेघ सापडली की विसरून जायचा की आपण घाबरलो होतो. वळणावर ती पेन किंचित दाबायची आणि शेवटी अलगद सोडायची. ते सोडणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. माझे सगळ्यात चांगले दिवस ते होते.

घरचा कॉम्प्युटर फार म्हातारा होता. कॉम्प्युटरवरचं चित्र थराथरांनी काढतात. एका थरावर आकाश, दुसऱ्यावर डोंगर, तिसऱ्यावर माणसं. चुकलं तर तेवढाच थर पुसता येतो. पण थर वाढले की आमचा म्हातारा मान टाकायचा आणि अंतराची संध्याकाळ वाया जायची. एकदा ती रडकुंडीला आली तेव्हा सुमेधनेच तिला युक्ती शिकवली.

"एकेक भाग पूर्ण झाला की सगळे थर एकात मिसळून टाकत जा. मग नाही अडणार."

युक्ती चालली. अंतरा तशीच काढू लागली. आकाश झालं, मिसळ. डोंगर झाला, मिसळ. पाहता पाहता तिला त्याची सवयच झाली.

त्या वर्षी शिलादुर्गवाल्यांनी खेळाडूंकडून दारचित्र मागवलं. दारचित्र म्हणजे खेळ उघडताना सगळ्यांना आधी दिसतं ते. अंतराला कलेच्या कॉलेजात जायचं होतं आणि बाबा तयार नव्हते. श्रीपादराव वाईट नव्हते, भित्रे होते. ते म्हणाले, "घरचे तर चांगलंच म्हणतील बेटा. बाहेरच्या चार लोकांनी म्हटलं, तर मी स्वतः फॉर्म आणून देतो." अंतराने तो शब्द पकडून ठेवला. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका चित्रावर येऊन टेकलं, आणि ते चित्र माझ्यावर.

तिने काय काढलं? मदनमहालच्या किल्ल्याकडे जाताना एका मोठ्या खडकावर दुसरा खडक नुसता टेकलेला आहे ना, तो. आता पडेल, मग पडेल, असं वाटतं आणि पडत नाही. जबलपूरचं शेंबडं पोरही तो ओळखतं. तिने त्या वरच्या खडकावर पहारा देणारी एक मुलगी बसवली, पाय खाली सोडून, हातात मशाल. बँकेतून आल्यावर सुमेध चहाचा कप घेऊन तिच्यामागे खुर्ची टाकून बसायचा. "सावली अजून गडद कर. हां, आता तो दगड जड वाटतोय," असं म्हणायचा. चित्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर झालं. हे नीट लक्षात ठेवा.

चित्र चौपालीवर गेलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. वाहवा सुरू झाली की कुणाच्या तरी पोटात दुखतंच. तिथला एक जुना, नावाजलेला खेळाडू स्वतःला वज्रपाणि म्हणवायचा. त्याने लिहिलं की हे माणसाने काढलेलंच नाही, मशीनकडून करवून घेतलेलं आहे. पुरावा काय, तर खडक असा टेकून उभा राहूच शकत नाही, मशीनलाच असली वेडीवाकडी कल्पना सुचते! त्याच्यामागे त्याचे चेले ओरडायला लागले. मला हसू आलं होतं तेव्हा. वाटलं, कुणीतरी त्याला जबलपूरचं तिकीट काढून द्या.

पण हसण्यावारी जाण्यासारखं ते राहिलं नाही. पुढचं सगळं मला नंतर सुमेधच्याच तोंडून कळलं. मुख्य पंच आलोकजी दूरच्या शहरातले. त्यांनी चित्राची थरांसकट फाइल मागितली. अंतराने पाठवली. थर एकच! पंचांच्या मते जिथे थर नाहीत तिथे मेहनत नाही. थर का नाहीत ते सांगू शकणारा एकच माणूस पंचांच्या बैठकीत होता. युक्ती त्याचीच होती, त्या खडकासमोर उभं राहून त्याने फोटोही काढून घेतला होता. आणि तो काय म्हणाला?

"मुलगी माझ्या घरमालकांची आहे. मी या निर्णयात भाग घेणार नाही."

म्हणजे न्याय निर्मळ राहावा म्हणून बाजूला झाला. किती शोभून दिसतं! मित्रांनो, निकाल देणाऱ्याने बाजूला व्हावं, हे ठीक. पण ज्याने पाहिलं आहे त्यानेही बाजूला व्हायचं? सुमेधला एवढा फरक कळला नाही. लोक म्हणतील आपल्या माणसाला वाचवतो, या एका भीतीने त्याने तोंड शिवून घेतलं.

त्या चौपालीची एक रीत होती. मशीनकडून करवलेलं चित्रही तिथे चोरीचंच मानत. चोरीचं ठरलेलं चित्र ते काढून टाकत नसत. त्यावर लाल अक्षरांत आडवं 'चोरी' लिहून वेगळ्या पानावर टांगत, म्हणजे इतरांना धडा मिळावा. ज्याचं चित्र, त्याचं खातं बंद. त्याला काही सांगायचं असेल तर सांगणार कुठे? आधी शिक्षा, मग चौकशी, आणि चौकशीला कुणाला सवड नाही.

निकाल रविवारी दुपारी लागला. सगळं घर कॉम्प्युटरभोवती जमलं होतं. शैलजाबाई हात पुसत आल्या. श्रीपादरावांनी चष्मा लावला. अंतराचा हात माझ्या काठावर होता. पान उघडलं आणि तिने तो हात उचलून घेतला. पहारेकरी मुलीच्या तोंडावरून लाल अक्षरं गेली होती. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि लिहिणाऱ्यांतलेही कितीतरी लहानच होते.

श्रीपादराव ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि फक्त विचारलं, "बेटा, तूच बनवलं होतं ना?"

बस, एवढंच. पण ज्या माणसाने तिला रोज वाकून बसलेलं पाहिलं, त्यालाही विचारावंसं वाटलं! अंतराच्या हातातून जे निघून गेलं ते त्या प्रश्नाने, लाल अक्षरांनी नव्हे.

"हो बाबा," ती म्हणाली.

"अच्छा," ते म्हणाले. चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "चलो, बी.कॉम. पाहू मग."

मी तिथेच होते. मला तोंड असतं तर मी त्या एकेका पंचाला सांगितलं असतं की सावलीची प्रत्येक रेघ माझ्या अंगावरून गेली आहे, दगड जड वाटावा म्हणून तिने किती वेळा पेन दाबलं ते मी सोसलं आहे. पण पाटीची साक्ष कोण काढतो? ज्याला तोंड होतं तो वर खोलीत दार लावून बसला होता.

पुढच्या आठवड्यात तो खाली आला. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. शैलजाबाई चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"तुम्ही तर रोज इथे बसून राहत होते, सुमेधजी," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीले चोर म्हणून राहिले होते, अन् तुम्ही ऐकून राहिले?"

"काकू, मला वाटलं, मी बोललो तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

अंतराने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "नसता ठेवला तर नसता ठेवला, भैया. पण तुम्ही बोलले काहून नाही? मी तर एकटीच होती ना तिथे."

सुमेध वर गेला आणि त्याने आलोकजींना फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं, खडकासमोरचा फोटोही पाठवला. आलोकजी म्हणाले, "इतने दिन चुप क्यों थे? अब तो लगेगा कि घरवालों ने कहलवाया है." उशिरा आलेल्या साक्षीची किंमत ही अशी. तरी लाल अक्षरं निघाली, खातं उघडलं. चित्राखाली एक ओळ आली, 'पुरेशा पुराव्याअभावी आरोप मागे.' म्हणजे चोरी केली नाही असं नव्हे, सापडली नाही एवढंच! दारचित्र तोवर दुसऱ्याचं लागून गेलं होतं.

अंतराने पुन्हा प्रयत्न केला, नाही असं नाही. फोन उभा करून त्यात स्वतःच्या हाताचं चित्रीकरण सुरू करायची आणि मग पेन उचलायची. एकही थर मिसळायची नाही. म्हातारा कॉम्प्युटर मान टाकायचा, ती पुन्हा सुरू करायची. पण ती रेघ माझ्याकडे येईना. प्रत्येक वळणावर हात थबकायचा, वर फोनकडे पाहून खाली यायचा. ते शेवटी अलगद सोडणं संपलं होतं. एका संध्याकाळी तिने फोन आडवा केला, पेन माझ्यावर ठेवलं आणि उठून गेली. कॉलेज सुरू झालं, बी.कॉम.चं. माझ्यावर हिशेबाची पुस्तकं आली.

गेल्या महिन्यात सुमेधची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो आनंदाची बातमी घेऊन खाली आला. चौपालीचा नियम त्याने भांडून बदलून घेतला होता. यापुढे काढणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणाच्याही चित्राला हात लावायचा नाही, आणि ज्याने पाहिलं असेल त्याने बोललंच पाहिजे.

"चांगलं झालं, भैया," अंतरा म्हणाली. तिला राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने पुस्तकं बाजूला केली, ओढणीने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला त्याच्या हातात दिलं. "ही घेऊन जा. तिकडे कोणाला पाहिजे असेल तर देऊन टाका."

"तुझी आहे ती, अंतरा."

"ज्याला द्याल ना," ती म्हणाली, "त्याच्या वेळी बोलजा मात्र."

आता मी पुन्हा शर्टांच्या घडीत आहे, मित्रांनो. सुमेध मला कुणाला तरी देईल. पूर्वी नव्या हाताची मी वाट पाहायचे, आता मला धास्ती वाटते. तुमच्यापैकी कुणी असलं, तर माझी वायर जपू नका, ओरखड्यांचीही फिकीर करू नका. मी वस्तू आहे, मोडेन आणि दुसरी येईल. पण कुणाच्या चित्राखाली 'चोर' लिहायला बोट उचललंत, तर आधी त्याला विचारा. आणि शेजारी बसून तुम्ही ते चित्र होताना पाहिलं असेल, तर त्याच दिवशी तोंड उघडा. अंतरा गढ्यातच आहे, रोज कॉलेजला जाते, जेवते, हसतेही. मला परत दिलं त्याच संध्याकाळी सामान बांधताना सुमेधने चालते का ते पाहायला मला कॉम्प्युटरला जोडलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.