सिव्हिलचे उद्धवराव

"बाबा, तुम्ही ओळखता ना त्यांना? मग रांगेत कशाला उभं राहायचं?"

"ओळखतो म्हणून काय झालं? उभी राहा गुमान."

उर्वी बापाच्या मागे रांगेत सरकली. लातूरच्या त्या गल्लीत जूनचं ऊन तापलं होतं. उदगीर, बिलोली, मुदखेड, कुठकुठून आलेले आईबाप दहावी पास लेकरांना घेऊन क्लासच्या दारात ताटकळत होते. समोर तीन मजली इमारत आणि तिच्यावर क्लासच्या मालकाचा, भीमाशंकरचा भलामोठा फोटो. उद्धवराव त्या फोटोकडे बघतच नव्हते. रांग त्यांना नको होती, पण ओळख सांगून आत शिरणं त्याहून जड होतं.

नांदेडचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं तेव्हा तो आणि उद्धवराव बरोबरच शिकवायला लागले होते, सिव्हिलला. कॉलेज कसलं, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम. पाऊस आला की पत्र्यावर असा दणका चाले की शिकवणं थांबवावं लागे. म्हणजे उद्धवरावांचं थांबे. भीमाशंकर आवाज चढवून, हातवारे करून शिकवतच राही आणि मेकॅनिकलची पोरंसुद्धा त्याच्या वर्गात घुसून बसत. प्रयोगशाळा उभी केली उद्धवरावांनी. सिमेंटची ताकद तपासायचं यंत्र मुंबईहून आणवलं, मान्यता द्यायला आलेल्या समितीपुढे हात जोडून उभे राहिले, नव्या इमारतीचा पाया स्वतः उभं राहून खोदून घेतला. पण पास होऊन गेलेली पोरं भेटायला आली की पहिला प्रश्न ठरलेला, "भीमाशंकर सर कुठायत?"

मग तो भूकंप झाला. गणपतीसाठी भीमाशंकरची बायको गुरम्मा सासूकडे गावी गेली होती, किल्लारीच्या अलीकडे. विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. कॉलेजच्या जीपमधून उद्धवराव त्याच्यासोबत गेले. भर पावसात दोघांनी दगड उपसले. सासूसुना एकमेकींजवळच सापडल्या.

महिन्याभरात भीमाशंकरने राजीनामा दिला. "भिंतींचं शिकवणं आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, उद्धवराव," एवढंच म्हणाला.

उद्धवराव विभागप्रमुख झाले. गावंच्या गावं नव्यानं बांधायची होती, सिव्हिलच्या पोरांना दारात येऊन नोकऱ्या मिळू लागल्या. आता आपले दिवस आले, असं त्यांना वाटलं. पण स्टाफरूममध्ये विषय निघे तो लातूरचा. दोन खोल्यांत भीमाशंकर बारावीला फिजिक्स शिकवू लागला होता. बोर्डात त्याची पोरं झळकू लागली. "केवढं सोसलं, तरी बघा कसा उभा राहिला माणूस," असं कुणी म्हणालं की उद्धवराव चहा अर्धा टाकून उठत. त्याच्या यशावर ते जळत होतेच, पण कधीकधी त्याच्या दुःखावरही जळत. त्याच्या आयुष्यात काहीतरी घडलं होतं. आपल्या आयुष्यात फक्त हजेरी घेतली गेली. असं मनात आलं की त्यांना स्वतःची किळस यायची, आणि तरी ते पुन्हा मनात यायचंच.

आता तर सिव्हिलला पोरंच येईनात. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं. मागच्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "ड्रॉइंग हॉल रिकामा करावा लागेल, सर. तिथे कॉम्प्युटर बसवायचेत."

"उद्धवराव! अन् रांगेत?" भीमाशंकर स्वतः खाली आला होता. केस पांढरे झाले होते. "लाज आणता का मला? चला वर."

तीन मजले चढून तो त्यांना थेट गच्चीवर घेऊन गेला. तिथे पत्र्याची एक खोली होती. आत खाट, पुस्तकं, पाण्याचा माठ.

"इथं राहता?" उद्धवरावांनी विचारलं.

"स्लॅबखाली डोळा लागत न्हाई. दिवसा चालतंय, शिकवून राहिलो की ध्यानात येत न्हाई." एवढं बोलून तो माठाकडे वळला.

उर्वी वाकून त्याच्या पाया पडली. कुणी सांगितलं नव्हतं.

"काय व्हायचंय पोरी?"

"कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्याला."

"अन् बाबाचं कॉलेज?"

उर्वी घुटमळली. "तिथं आता कोण जातंय, सर?"

"असं बोलू न्हाई." भीमाशंकरचा आवाज एकदम कडक झाला. "ते कॉलेज तुझ्या बाबानं उभं केलंय. आम्ही नुसती बडबड केली. हा माणूस उन्हात पायाच्या खड्ड्यात उतरायचा. अन् माझ्या घरचे दगड यानं हातानं उचललेत, बोटं सोलली तरी. ध्यानात ठेव."

उर्वीने बापाकडे पाहिलं. तसं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आणि हेही भीमाशंकरच्या हातूनच मिळावं, या विचाराने उद्धवरावांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. मोठेपणासुद्धा यालाच. परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत उर्वी लातूरच्या क्लासहून घरी आली. लहानपणापासून तिचं गणित-विज्ञान त्यांनीच घेतलं होतं. आतल्या खोलीत ती घर्षणाचं उदाहरण सोडवत होती. आकृती बघून त्यांनी सवयीने पेन उचललं.

"हे बघ, आधी सगळी बलं लिहून घ्यायची—"

"थांबा ना बाबा. सर असं नाही शिकवत."

बोलून गेल्यावर ती ओशाळली. "म्हणजे... तुमचंही बरोबरच आहे."

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं. मग त्यांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"कसं शिकवतात? सांग मला."

ती आधी चाचरत, मग रंगून सांगू लागली. मध्येच त्यांना एक शंका आली. त्यांनी ती विचारली, आणि तिने ती सोडवली. स्वयंपाकघरातून तिच्या आईने, प्रेमलाबाईंनी, चकल्या निवतायत म्हणून हाक मारली.

"कळलं का, बाबा?"

"हाव," ते म्हणाले. "पण तेवढं मधलं पुन्हा एकदा सांग."