ठेंगणी चौकट

"मामा, दुर्बीण उलटी धरलीत की काय?" अधिकारी हसत म्हणाला.

गवंडीमामांनी काच सदऱ्याला पुसली, दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. नदीपलीकडची पाण्याची टाकी दिसली, शाळा दिसली. शाळेमागे त्यांचं घर असायचं. तिथे आज सपाट माती होती.

शेजारच्या देशाच्या फौजेने पलीकडचा मुलूख बळकावला, त्याला एक पिढी लोटली. तेव्हापासून दरवर्षी परदेशांचे राजदूत या टेकडीवर येत. हा कब्जा आम्ही मानत नाही, असं ठासून सांगत आणि मामांना विचारत, "तुमचं घर कोणतं?" मामा बोट दाखवत. फोटो निघे.

मामांचा चेहरा पाहून अधिकाऱ्याने ओळखलं. तो कानाशी लागला. "शेजारचं दाखवा. घरच नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी कशाला येतील हे लोक?"

"बाळा, दुसऱ्याच्या घरात मी कसा शिरू?"

यंदाचे राजदूत पुढे आले. उंच, पिकल्या केसांचे. मामांनी नेहमीच्याच जागी बोट दाखवलं.

"काही दिसत नाही म्हणतात," अधिकाऱ्याने मामांना सांगितलं.

"ते मोकळं दिसतंय ना, तेच. सांग त्यांना, डावीकडून या. दोन पायऱ्या चढा. आता दार. जपून हं, चौकट ठेंगणी आहे. बायको बुटकी, तिच्या मापाने बसवली. घर पाहावं बांधून म्हणतात. मी बांधलं आणि पहिलं टेंगूळ मलाच आलं! सासरे तर शिव्या देतच आत शिरायचे."

अधिकारी अडखळत सांगत गेला. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. राजदूतांची दुर्बीण हळूहळू सरकत होती. ती दाराशी आली आणि त्यांनी नकळत मान वाकवली.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीत मामी वाट पाहत बसल्या होत्या. डोळे अधू झाल्यापासून त्या टेकडीवर जात नसत.

"आलात? दिसलं का घर?"

"दाखवलं."

"आणि चौकट? मेल्यांनी एव्हाना उंच करून घेतली असेल."

मामा बाहेर चपला काढत राहिले. "नाही गं. पाहुणे वाकूनच आत गेले."

"बघा! राजदूतालासुद्धा वाकायला लावलं मी," मामी खुदकन हसल्या.

खोलीचं दार चांगलं उंच होतं. मामा सवयीने मान वाकवून आत आले.