तड्यावरची काच

मी अग्निशमन दलाची जुनी इमारत बोलतेय. जरा हळू चाला. आताशा मला पावलांचीही धास्ती वाटते.

खाली दोन बंबांसाठी रुंद दरवाजे, वर जवानांच्या खोल्या आणि कोपऱ्यात टेहळणीचा उंच मनोरा, अशी माझी ठेवण. मनोऱ्यावरून धूर दिसला की घंटा व्हायची आणि जवान पितळी खांबावरून घसरत खाली यायचे. कुणाच्या तोंडात घास, तर कुणाच्या गालाला साबण! मला आगीची भीती कधी वाटली नाही.

भीती सुरू झाली ती दल नव्या जागेत गेल्यावर. बंब गेले, कबुतरं आली. मग मला विकत घेणारा कंत्राटदार आला. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "पाडायला चार दिवस पुरेत."

ही बातमी शेवटच्या घंटावाल्याच्या मुलीला कळली. ती माझ्याच वरच्या खोलीत रांगायला शिकली. आता शाळेत भूगोल शिकवते. मला संरक्षित वास्तू ठरवावं म्हणून तिने अर्ज आणला. बापलेक माझ्याच पायरीवर बसून तो भरत होते. 'इमारतीतील दोष' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

"अण्णा, मनोऱ्याचा तडा लिहू, की राहू दे?"

"लिही."

"अहो, त्यावरूनच पाडतील हिला!"

"आणि उद्या कुणाच्या डोक्यावर कोसळली तर? जन्मभर माणसं वाचवली आपण. लिही, पोरी."

मला ओरडावंसं वाटलं, म्हातारबा, गप्प बसा! पण त्यांचं खरं होतं.

तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. "मॅडम, हिचे दिवस भरलेत," कंत्राटदार म्हणाला. शिडीवर चढून बाईंनी तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली.

"तीन महिने हिला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "काच शाबूत राहिली तर तडा वाढत नाही, असं धरून संरक्षणाची शिफारस करीन."

"आणि फुटली तर?" अण्णांनी विचारलं.

"मग माझा नाइलाज आहे, काका."

आज बासष्टावा दिवस. कंत्राटदाराने शेजारच्या मोकळ्या जागेत खोदकाम काढलंय. तिथे त्याला अडवणार कोण? यंत्राचा प्रत्येक दणका माझ्या पायापर्यंत येतो. अण्णांची मुलगी रोज शाळा सुटली की येते, मान उंच करून बघते आणि फोनवर सांगते, "आहे, अण्णा, धड आहे."

पण आत्ताच, एका दणक्यासरशी, वर काहीतरी बारीक वाजलं. काच होती की सुटलेला खडा, कळलं नाही. शाळा सुटायला अजून तासभर आहे. तुम्ही इथून जाताच आहात, तर एकदा वर बघून सांगाल का? मला माझं कपाळ दिसत नाही हो.