कबाबाच्या क्लासची फी

सत्यभामा, बस अठी. तुह्या बंडूले मोबाईलवरचा बार्बेक्यूचा क्लास लावाचा हाये, अन् तू इचारून राहिली का त्याचे पैसे वसूल होतात काय. बरं इचारलं बाप्पा! आमच्या घरात झाला हाये तो क्लास. आयक मंग, अन् मधात बोलू नको.

अलीझाचे अब्बा किल्ल्याच्या वाटेवर कबाबाची सिगडी लावत, हे तुले माईत हाये. बाजाराच्या दिवशी खेड्यातले लोक कापूस इकून आले का पह्यले याईच्या, रहमतुल्लाच्या सिगडीवर, मंग घरी. चरबीचा थेंब इस्त्यावर पडला का निसत्या वासावरून हे सीख फिरवत. घड्याळ कुठचं अन् तराजू कुठचा! मीठ मुठीनं, मसाला चिमटीनं.

मंग कोरोनाची दुसरी लाट आली. ताप आला, गेला, माणूस वाचला. पण वास गेला अन् चव गेली. आज येईन, उद्या येईन करता करता वरीस सरलं, आलीच नाई. अत्तराची शिशी नाकाले लावली तरी याईले पाण्यासारखीच. एक दिवस सिगडीवर कबाब जळून कोळसा झाले, अन् गिऱ्हाइकानं सांगतपर्यंत याईले पत्ताच नाई. घरी येऊन लहान लेकरासारखे रडले. म्हणे, "आयशा, कोणाले सांगू नको. ज्याले चव नाई अशा बावर्च्याले कोण काम देईन?" मी घरी किमा चाखून देत जाव. पण लग्नाच्या मांडवात, माणसाईच्या गर्दीत, भट्टीजवळ बाई कशी उभी राहीन?

मंग याईले मोबाईलवर तो क्लास दिसला. काळा ॲप्रन घातलेला कोणी दिल्लीचा उस्ताद. फी आयकली अन् भांडली मी, लय भांडली. म्हटलं, सारा जनम सिगडीवर गेला अन् आता कबाब शिकता काय? याईनं अलीझाच्या नावानं क्लास लावला अन् मले जवळ बसवून दाखवला. तो उस्ताद मटण तोलून घे, मीठ तोलून टाके, मटणात सुई खुपसून गर्मी पाहे, अन् घड्याळावर सीख फिरवे. नाकाचं काम नाई, जिभेचं काम नाई. शेवटी शेवटी साऱ्या क्लासवाल्याईचे सवाल-जवाब होते, तवा याईनं चेहरा न दाखवता निसत्या आवाजात इचारलं, "ज्याले वास येत नाई, चव समजत नाई, तो माणूस हा धंदा करू शकते काय?" उस्ताद म्हणे, "करू शकते. फक्त चाखाले एक भरोशाचा माणूस जवळ ठेवा." त्या दिवशी लय दिवसानं हे पोटभर जेवले.

सिगडीवर तराजू अन् मोबाईल पाहून गावात मात्र नुसती टिंगल. सगळ्यात मोठं तोंड जुबेरचं. याईचा सख्खा लहान भाऊ. सीख धराले त्याले याईनंच शिकवलं, अन् आता पुलाजवळ त्याची सोताची सिगडी. येता-जाता वरडे, "काय भाईजान, मोबाईलनं पास केलं का नापास?" मले वाटे, उलथनं फेकून त्याचं थोबाड फोडावं. हे म्हणत, "हसू दे वं. हसतात तवर कोणी इचारत नाई."

अन् खरं सांगू? कबाब झाले चांगले. पह्यल्यासारखे नाई, मी खोटं कावून बोलू, पण चांगले. लोक पुन्हा बोटं चाटाले लागले. पण खाणार कोण? कापसाले बोंडअळी, सोयाबीन शेंगातच सडलं. बाजाराच्या दिवशी लोक सिगडीपाशी यायचे, वास घ्यायचे अन् सायकल पुढं ढकलायचे. निकाहात शरबत-खजुरावर भागून राहिलं होतं. सिगडी बंद कराची पाळी आली होती, तेवढ्यात अकोल्याच्या एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्यानं पोराच्या वलीम्यासाठी, लग्नानंतरच्या जेवणासाठी, निरोप धाडला. मोठं काम. हे भेटलं तर त्याच्या साऱ्या नात्यागोत्यातली कामं भेटत होती. पण शेठनं दोघाई भावाईले बोलावलं, म्हणे नमुना खाऊ घाला.

जायच्या वक्ताले हे मले म्हणतात, "काम भेटलं का जुबेरले सारं सांगतो. चाखाले त्यालेच जवळ ठेवतो. अर्धा धंदा त्याचा." मी म्हटलं, सांगू नका हो. तर म्हणे, "माहं रगत हाये ते."

शेठच्या अंगणात दोन सिगड्या लागल्या. किमा वाटू लागाले मी गेली होती, रांधणीच्या दारातून पाहून राहिली होती. शेठनं दोघाईचे खाल्ले, पाव्हण्याईनं खाल्ले. याईचेच पसंत पडले. शेठनं तर दुसऱ्यांदा मागून घेतले. माह्या जिवात जीव आला.

तवा जुबेर एक सीख घेऊन आला. लय गोड आवाज काढला मेल्यानं. "भाईजान, तुमी माहे उस्ताद. माह्या हाताले काय कमी हाये, सांगा न." याईनं तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. भावाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणे, "मस्त झालं. निसतं मीठ जराक कमी कर."

जुबेरनं तीच सीख शेठच्या नाकाजवळ नेली. शेठ मागं सरकला. इस्तो पेटवाच्या डब्यातलं रॉकेल होतं त्याच्यात! रॉकेल पाजलं सत्यभामा, सख्ख्या भावाले, चार लोकात! अन् हसून हसून सांगे, "याईले ना वास, ना चव. क्लासात सोताच्या तोंडानं इचारलं याईनं. नाव अलीझाचं, आवाज भाईजानचा."

समजलं काय तुले? साऱ्या गावात टिंगल करणाऱ्या त्या हरामखोरानं तोच क्लास लावला होता. चोरून. परक्या मुलखातले लोक समजून याईनं मन मोकळं केलं, अन् आयकणारा पुलाजवळ बसला होता.

अंगण हसून लोटपोट झालं. आताच बोटं चाटणारा शेठ रुमालानं तोंड पुसे अन् म्हणे, "जिभेचा ठिकाणा नाई, अन् माह्या पाव्हण्याईले खाऊ घालते?" काम जुबेरले देलं. हे तसेच उभे. मले म्हणे, "आयशा, त्यानं काय टाकलं होतं वं?" त्याईले अजूनही समजलं नव्हतं. ते मले सांगा लागलं.

आता हे जुबेरच्या सिगडीवर पंखा हालवतात. दुसरं कोण ठेवते? गिऱ्हाईक जमलं का जुबेर एक तुकडा याईच्या तोंडात कोंबते, "कसं झालं भाईजान?" हे म्हणतात, "मस्त." लोक हसतात. कोणी कोणी तर तेवढं पाहाले येतात, अन् आले का दोन सीखा खाऊनच जातात.

तू फीचं इचारून राहिली होती न? बंडूले सांग, खुशाल लाव. जुबेरची पुरी वसूल झाली.