चौथीच्या मुलींचा नाच

"बाई, तुम्ही काय करायचं न्हाई. नुसतं पुढं बसायचं आन् आम्ही चुकलो की डोळं वटारायचं," रुपाली फोनवर म्हणाली. मग तिने कुठूनतरी ते गाणं लावलं आणि मला ऐकवलं.

मी ते एकतीस वर्षांनी ऐकत होते. ढोलकीचे पहिले ठोके पडले तशी माझी पावलं आपोआप हलायला लागली. सदुसष्टी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण पाय अजून नोकरीतच आहेत. मग शब्द आले.

नाक धरा गं, नाक धरा,
आला मेंढरांचा राजा घरा!

माझे पाय थांबले. तरी मी "छान, छान" म्हटलं आणि फोन ठेवला. वेळेवर नाही म्हणणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

रुपाली माझी जुनी विद्यार्थिनी. वडगाव रासाईच्या अलीकडे भीमेकाठी एक वाडी आहे, तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. रजिस्टरला शहाबानो, वाडीला शेखबाई. त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा येत्या रविवारी होता आणि चौथीच्या मुलींनी, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या बायांनी, तेव्हाच्या स्नेहसंमेलनातला नाच पुन्हा करायचं ठरवलं होतं. तो नाच मीच बसवला होता.

गाणं त्या काळी फार गाजलेलं. लग्नात, जत्रेत, टेम्पोत, जिथे कॅसेट वाजेल तिथे तेच. एक मेंढपाळ मुलगी बघायला येतो आणि ती व तिच्या मैत्रिणी नाकाला पदर लावून त्याला पिटाळतात, एवढीच त्यातली गोष्ट. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

कारण मला नाक धरणं चांगलं माहीत होतं. नवीन रुजू झाले तेव्हा मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की दोन सहकारी बाया खिडकीकडे सरकायच्या. डब्यात बहुतेक वेळा मेथीच असायची, पण त्या बघायच्या नाहीत. काही बोलायच्याही नाहीत. पदराचं टोक दोन बोटांत धरायचं, अलगद नाकाशी न्यायचं आणि बाहेरच्या लिंबाकडे बघत बसायचं. मी वर्षभर डबा वर्गात बसून खाल्ला. नाच बसवायला घेतला तेव्हा मुलींना नाक धरता येईना. कुणी चिमटीत पकडायची, कुणी सर्दी झाल्यासारखी पुसायची. मग मी त्यांना करून दाखवलं. पदराचं टोक, दोन बोटं, अलगद. हुबेहूब. त्या दोघी बाया तालीम बघत होत्या, त्या खळखळून हसल्या, मला टाळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मला किती बरं वाटलं होतं, ते आज सांगायलाही लाज वाटते.

मेंढपाळाच्या कामाला मी सारिकाला घेतलं. वाडीत धनगरांची तीन घरं होती, त्यातल्या बिरदेव आबांची ही मुलगी. आबांनी तेव्हा नुकतीच जमीन कसायला घेतली होती, पण पंधरा-वीस मेंढरं अजून दारात होती. सारिका नाचायची झकास, आणि तिच्या घरी खरी घोंगडी होती, खरी काठी होती. आबांना सांग, बाईंनी मागितलंय, असा मी निरोप धाडला. कुठून सामान मागून आणायला नको, एवढाच माझा हिशेब.

संमेलनाच्या दिवशी आबा स्वतः घोंगडी खांद्यावर टाकून आले. पांढराशुभ्र फेटा बांधला होता. माझ्या हातात घोंगडी दिली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. पडद्यामागे सारिकाच्या खांद्यावर ती घालताना मी अजीमच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बाटलीतलं अत्तर तिच्यावर शिंपडलं. पोरीला त्रास नको म्हणून. मुलींनी पदर नाकाला लावले तेव्हा अख्खी वाडी हसली आणि हसता हसता माना आबांकडे वळल्या. आबाही हसले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तोंडाने हसत होते आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. मी फट बंद केली.

रुपालीच्या फोननंतर दोन दिवस मी कामात जीव लावून बघितला. लागला नाही. शेवटी सारिकाचा नंबर मिळवला. ती आता रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर आहे, कारेगावात राहते. मी माफीचं बोलायला लागले तर तिने मला थांबवलं.

"मला कशाला सॉरी म्हणताय बाई? मला पैला नंबर मिळाला, कंपास मिळाली. महिनाभर घरात दिवसरात तेच गाणं म्हणत हुते मी. कळलं ते पार कॉलेजात गेल्यावर," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "बोलायचं तर आबांशी बोला. ते परत शाळंत आले न्हाईत. माझ्या दाखल्यालाबी आईला धाडलं."

मग मी रुपालीला फोन केला आणि तो नाच करू नका म्हणून सांगितलं. तिला ते लागलं. साधं गाणं आहे, तेव्हा सगळे हसले होते, आबासुद्धा हसले होते, आणि आता एवढ्या बायांनी सारख्या साड्या घेतल्यात, असं बरंच काही म्हणाली. मी म्हटलं, नाच मी बसवला होता, चूक माझी आहे, तुमच्यापैकी कुणाचीच नाही. बघते, म्हणाली ती. आवाजात नाराजी होती. माझं असं नेहमीच, दुसऱ्याचा आनंद ऐन रंगात आला की मला शहाणपण सुचतं.

शुक्रवारी अजीमने मला केडगावहून स्कूटरवर नेलं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, स्कूटरसुद्धा सिग्नल मिळाल्यासारखी चालवतो. वाडीच्या तोंडाशी त्याने मला उतरवलं आणि म्हणाला, तू जा, हे तुझं तू बोल.

आबांच्या घरावर आता स्लॅब पडला आहे. मागे ऊस. मेंढरू एकही नाही. आबा ऐंशीला टेकलेले, पण पाठ ताठ. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. ओट्यावर घोंगडी अंथरलेली होती. आबांनी ती घाईने गोळा केली, आत नेऊन ठेवली आणि माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. खुर्ची उपरण्याने दोनदा पुसली. त्यांच्या घरात पाहुण्याला घोंगडीवर बसवतात, हे मला ठाऊक होतं.

कस्तुराबाईंनी, त्यांच्या बायकोने, चहा दिला. उसाच्या तोडीबद्दल, कालव्याच्या पाण्याबद्दल, सारिकाच्या नव्या घराबद्दल आबा बोलत राहिले. मी कप हातात घेऊन बसले होते. शेवटी मध्येच बोलले.

"आबा, माझ्याकडून चूक झाली. ते गाणं मी घ्यायला नको होतं. आणि तुमच्याकडूनच घोंगडी मागवायला तर अजिबात नको होती."

आबांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"रैवारी पोरी नाचनार हायती म्हनं. नाचू द्या की. म्या कुनाला आडवत न्हाई," ते म्हणाले. मग उसाकडे बघत राहिले. "येक इचारायचं हुतं पर. लय दिसांचं ऱ्हाऊन गेलंय."

मी म्हटलं, विचारा.

"सारिकी रोज म्हनायची त्ये गानं. मला तोंडपाठ झालं. म्हनलं, लोकं नाक धरनार हायती, तर निदान खोटं तरी धरू द्या. म्हनून घोंगडी नदीला नेली. रिठ्यानं धुतली, येकदा न्हाई, तीनदा. घोंगडी आशी धुवत न्हाईत, बाई. चिंचुक्याची खळ आसती तिला, तवा ती पानी आडवती. समदी खळ निघून गेली. त्या साली पाऊस थेट पाठीला लागायचा. त्येचं काय न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पर परत आली तवा तिला आत्तराचा वास हुता. म्हंजी येवढं धुवूनबी वास येतच हुता का?"

कस्तुराबाई दारातच थांबल्या होत्या.

नव्हता येत, एवढे दोन शब्द म्हटले असते तर मी सुटले असते. कदाचित तेही सुटले असते. शब्द अगदी ओठावर होते. पण वास येत होता की नव्हता, तेच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घोंगडी हातात घेतली, तेव्हा हात लांब धरले होते आणि श्वास रोखला होता. एकतीस वर्षं मी ते आठवायचं टाळलं होतं आणि आता ते लख्ख आठवत होतं. माझा मेथीचा डबाही कुणी असाच, न बघता, लांबून ओळखला होता.

"मला माहीत नाही, आबा," मी म्हटलं. "मी वास घेतलाच नव्हता. न घेताच अत्तर ओतलं."

"घेतलाच न्हाई?"

"नाही."

मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात आबाच उठले, गुडघ्यावर हात देत आत गेले आणि मघाशी लपवलेली घोंगडी घेऊन आले. कडा विरल्या होत्या, मध्ये एका ठिकाणी काळ्या दोऱ्याने रफू केलेलं होतं.

"हीच," ते म्हणाले. "मंग आता घ्या."

मी खुर्चीवरून उठले. घोंगडी दोन्ही हातांनी घेतली आणि नाकाशी नेली. आबा समोर उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत.